लोपलेला तंबोरा

आमच्या वडिलांनीं नांदेडच्या घरीं म्हटलेल्या भजनांची १९८४ सालची एक ध्वनिफीत माझ्यापाशीं होती. वडील गवई नव्हते, आवाजहि बेताचाच. परंतु तंबोरा ते जीव ओतून लावीत, आणि जवारी खुलल्याखेरीज तोंड उघडीत नसत.

गेल्या वर्षीं लातूरचा माझा भाचा ती फीत घेऊन गेला. "मामा, फीत झिजत चालली आहे. संगणकावर उतरवून तुम्हांला पाठवितों," असें म्हणाला. मुलगा गुणी. आठ दिवसांत वडिलांचें भजन माझ्या भ्रमणध्वनीवर आलें. शब्द तेच, चालहि तीच. मात्र तंबोरा पाण्याखालीं वाजावा तसा डहुळलेला, आणि टाळांचा ठोका पडण्यापूर्वींच क्षणभर एक चिरचिर उमटे.

हा म्हाताऱ्या कानांचा भ्रम असेल अशी वाचकांस शंका येईल, मलाहि आली. साठीनंतर उंच स्वर अंधुक होतातच. परंतु कारण निराळें निघालें. सीडीवर दर सेकंदास ध्वनीचे ४४,१०० नमुने, तेहि दोन्ही बाजूंचे स्वतंत्र, नोंदले जातात. म्हणजे सेकंदास सुमारें १४ लक्ष ११ हजार बिट. एमपी-३ ही पद्धति सिद्ध करण्यांत जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा असून, अशा फायलींस हें नांव १९९५ सालीं मिळालें. तिचें मर्म असें कीं, मोठ्या स्वराच्या आड जो बारीक स्वर कानास लपतो, तो टाकून द्यावा. भाच्यानें जागा वांचविण्यासाठीं सेकंदास ६४ हजार बिटांचें माप निवडलें होतें. म्हणजे बाविसावा हिस्सा! एवढ्यांत लपलेलेंच नव्हे, उघड ऐकूं येणारेंहि कापावें लागतें. आणि जवारी म्हणजे तर वरच्या बारीक स्वरांचीच झिळमिळ. ३२० हजारांचें माप घेतलें असतें, तर बहुधा माझ्या ध्यानींहि आलें नसतें.

पाणिनीच्या व्याकरणांत लोप पावलेला प्रत्ययहि आपलें कार्य करून जातो. हा लोप तसा नव्हे. टाकलें तें गेलें. फाईल मागाहून कितीहि मोठी केली तरी परत येत नाहीं.

मीं दुसऱ्याच दिवशीं एस. टी.नें लातूर गांठलें. फीत बहिणीनें जपून ठेविली होती. डबीवरील अक्षर वडिलांचें ना! पहिली बाजू आम्हीं फ्लॅक पद्धतीनें उतरविली. तींत आकार सुमारें निम्मा होतो, पण एक बिटहि गळत नाहीं. तंबोरा पुनः बोलूं लागला, तेव्हां बहीण स्वयंपाकघरांतून पदराला हात पुशीत बाहेर आली. दुसरी बाजू मात्र संपत आली असतां फीत चाकांत गुंतली आणि चुरगळून तुटली. शेवटचीं दोन भजनें गेलीं.

भाचा हिरमुसला. "मामा, चूक माझी." मीं म्हटलें, "अरे, तूं नेली नसतीस तर माझ्या पेटींत तिला बुरशीच लागली असती."

तीं दोन भजनें आतां त्या ६४ हजारांच्या प्रतींतच उरलीं आहेत. तीं संपल्यावर वडील आईला "चहा ठेव ग" असें म्हणतात. तेवढें मात्र तींतहि स्वच्छ ऐकूं येतें.