तुक्कु तेगी, गुरुतु बिडु

बेळगावहून रात्रीच्या गाडीने म्हैसूर आणि तिथून बसने मडिकेरी. म्हैसूरपासूनचा हा साधारण १२० किलोमीटरचा रस्ता शेवटी घाट चढतो. दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे, सिल्व्हर ओकच्या खोडांवर मिरीचे वेल. कोडगू जिल्ह्यात आगगाडी नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा बसनेच.

मी पोहोचलो तो दिवस होता कैलपोळ्दच्या आदल्या दिवशीचा. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पुजतात, तसा कोडव लोकांचा हा शस्त्रांचा सण. भाताची लावणी आटोपली की येतो, बहुतेक ठिकाणी ३ सप्टेंबरला. लावणीच्या दिवसांत बाजूला ठेवलेली बंदूक या वेळी बाहेर निघते.

यजमान काका लष्करात आर्मरर होते. काही वर्षे बेळगावला असताना माझ्या बाबांशी त्यांची मैत्री जुळली. "बा बा, ये, बस," असे अजूनही अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलतात.

ओसरीवर सतरंजी पसरून त्यांनी घरची रायफल ठेवली होती. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, पॉइंट टू-टू. खालचा लोखंडी दांडा ओढला की मागचा ठोकळा खाली सरकतो आणि नळीचे तोंड उघडते. आधी त्यांनी ती उघडून रिकामी असल्याची खात्री केली, मलाही बघायला लावले. मगच काम.

या काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. म्हणून रिकाम्या बंदुकीचा चाप उगाच ओढायचा नाही. मध्ये काडतूस नसले की पिन थेट नळीच्या काठावर बसते आणि काठ ठेचला जातो. जुन्या काडतुसांच्या मसाल्याने नळीत क्षार राहत. वेळेवर धुऊन तेल लावले नाही, की आतून गंज चढे. या नळीतही बारीक खड्डे होतेच.

काकांचा नातू बंगळूरहून येताना पॉलिश पेपर आणि व्हार्निशचा डबा घेऊन आला होता. "अज्जा, एका दिवसात नवीन करून टाकतो!"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुक्कु तेगी, गुरुतु बिडु." गंज काढ, खूण राहू दे.

पोलादावर कंपनीची एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफलींची छाप होती, अर्धी पुसट. शेजारी नंबर. घासताना छाप जाईल, आणि नंबर तर कायद्यानेही पुसता येत नाही. काकांनी तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने फक्त लाल गंज उचलला. निळसर काळा मुलामा उडाला होता तिथे उडालेलाच ठेवला. दस्त्यावरच्या पोचांवर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने लाकूड फुगून पोचे वर आले. मग तळहाताने जवसाचे तेल. ज्या अगसीची आपण चटणी करतो, तिचेच. पातळ हात, वाळू द्यायचे, पुन्हा पातळ हात. गाल टेकून काळवंडलेली जागा मात्र त्यांनी नुसती पुसली. "हे माझ्या वडिलांचं आहे."

मी गप्प झालो. बाबा गेल्यावर त्यांची लष्करातली काळी पेटी मी रंगवून घेतली होती. "चांगली घासून घे," असे पेंटरला मीच सांगितले. झाकणावर बाबांनी पांढऱ्या रंगाने स्वतः घातलेले नाव आणि नंबर त्यात गेले. आईने चकचकीत पेटीवरून हात फिरवला आणि काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. बंदुकांना गंध लावले, नळीत तोकपू खोवले. तोक म्हणजे बंदूक, पू म्हणजे फूल. आपली कळलावीच ती. कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळले. शिकार आता बंद. दुपारी मैदानात झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरतात. नातवाचा पहिला नेम चुकला. दुसऱ्या वेळी त्याने गाल बरोबर त्या काळ्या जागेवर टेकवला आणि नारळ फुटला.

घरी आल्यावर बाबांच्या पट्ट्याचे पितळी बक्कल काढले. हिरवट पडले होते. चिंच लावण्याआधी उलटून पाहिले. मागे ठोकलेला नंबर अजून वाचता येत होता.