कोरड्या बंदराची माती

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन २०१७ साली झालं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. कंटेनर मात्र तेच, वजनही तेच.

मूळ बंदर न्हावाशेवाला १९८९ साली सुरू झालं, ते खाडीच्या चिखलावर. तिथली माती भाराखाली खचते, म्हणून वर भराव रचून, आत उभ्या निचरापट्ट्या रोवून तिच्यातलं पाणी आधीच काढतात. एकदा बसली की बरीचशी बसली. सिंदीकडची आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हे दरसाल. मला हीच जास्त अवघड वाटते.

माती किती फुगते याची तपासणी साधी आहे. चाळलेली कोरडी माती दहा ग्रॅम एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये. चोवीस तासांनी रॉकेलमधली होती तेवढीच असते. पाण्यातली काळी माती कधी दुपटीच्याही वर गेलेली दिसते. फरक पन्नास टक्क्यांपुढे गेला की सावध व्हायचं.

कंटेनर चार कोपऱ्यांच्या लोखंडी ठोकळ्यांवर उभा असतो. एकेक ठोकळा १७८ बाय १६२ मिलिमीटरचा. तीस टनांचे पाच एकावर एक रचले, की तळाच्या प्रत्येक कोपऱ्यावर साडेसदतीस टन. एक कोपरा दबला की सगळी थप्पी कलते.

आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींचा उपाय: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मुरमाचा सुमारे मीटरभर थर. नुसती वाळू चालत नाही. ती पाणी खाली जाऊ देते.

यार्डाच्या फरसबंदीखालची ओल उडून जात नाही, कडेची मात्र ऋतूप्रमाणे बदलते. म्हणून तडे आधी कडेला. पक्के नाले यार्डाच्या आधी बांधावेत, नंतर नव्हे.

मुंबईत १८८० ची प्रिन्सेस डॉक बुजवून कंटेनरसाठी जागा केली. अशा जागी गोदीची जुनी दगडी भिंत आणि शेजारचा भराव सारखे खचत नाहीत. शेतजमिनीवर तीच अडचण बुजवलेल्या विहिरीची. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते; मातीतपासणीचे बोअर घेण्याआधी जुने उतारे काढावेत, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. चाचणीखड्डे मे महिन्यातही घ्यावेत आणि ऑगस्टमध्येही.