मासळीचा कर्ब-हिशेब

समुद्रातल्या मासळीला ना कोणी खत घालतो ना चारा, तेव्हा तिच्यापायी हवेत धूर तो कितीसा जाणार, अशी शंका सुशिक्षितांच्याही मनात वावरत असते; परंतु २०११ साली जगातील मासेमारी नौकांनी सुमारे ४० अब्ज लिटर इंधन जाळले व त्यातून १७.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले, हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा निष्कर्ष वाचला, की ती फार काळ टिकत नाही. कोळंबी, खेकडे, शेवंड आदी कवचधारी जातींचा वाटा वजनात अवघा ६ टक्के असताना उत्सर्जनात मात्र २२ टक्के भरला, ही त्यातील विशेष लक्षणीय बाब.

अशा हिशेबांना एकच शिस्त असावी म्हणून ब्रिटनने २०१२ साली, नॉर्वेने २०१३ साली आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२० साली मासळीपुरते स्वतंत्र नियम सिद्ध केले. नौकेचे डिझेल, बर्फ, वाहतूक, वेष्टन या बाबी कोणीही धरील. शीतगृहातून झिरपणारा आर-२२ हा शीतकारक वायू मात्र नजरेआड होतो, आणि त्याचा एक किलो हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० किलोंच्या बरोबरीचा ठरतो!

खरा तंटा उभा राहतो तो वाटणीचा. समजा, एका ट्रॉलरने एका सफरीत १,००० लिटर डिझेल जाळले, म्हणजे सुमारे २,७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि १,००० किलो मासळी आणली, जिच्यात कोळंबी १०० किलोच असली तरी निम्मे पैसे तिचेच आले. वजनावारी वाटणी केली तर कोळंबीच्या किलोमागे २.७ किलो उत्सर्जन पडते. किमतीवारी केली तर तेच १३.५ किलो होते, आणि त्याच फेरीतील चिल्लर मासळी किलोमागे १.५ किलोवर सुटते. नौका मुळात कोळंबीसाठीच गेली होती, हा किमतीच्या पक्षाचा युक्तिवाद वजनदार आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि लिलावातला भाव ज्या लहरीने चढतो-उतरतो त्या लहरीने इंजिनाचा धूर चढत-उतरत नसल्यामुळे माझा कौल वजनालाच आहे.

२०२० चे ते आंतरराष्ट्रीय मानक केवळ पर असलेल्या माशांपुरते असल्याने, आपल्या निर्यातीत अग्रस्थानी असलेली कोळंबी त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि ज्याच्यासाठी कर्ब-हिशेबाचा दाखला मागावयास कोणी व्यापारी येत नाही तो बोंबील मात्र आत येतो. वास्तविक त्याच्याइतका स्वच्छ हिशेब क्वचितच निघेल: डोल जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपण होऊन त्यात शिरते, इंजिन चालते ते जाण्यायेण्यापुरते, आणि वलांडीवर वाळलेल्या बोंबलाला बर्फही लागत नाही. ट्रॉलची आणि डोलीची मासळी एकाच सरासरीत कोंबणाऱ्या कोष्टकांवर माझा विश्वास नाही तो याचमुळे.

डिझेलवरील कराच्या परताव्यासाठी मच्छीमार सहकारी संस्थांच्या दफ्तरी नौकावार नोंदी असतात, म्हणजे हिशेबाचा भाजक नसला तरी भाज्य हाताशी आहे. बंदरावर मासळी टोपलीने वा ढिगाने लिलावात जाते, जातवार वजन मात्र क्वचितच लिहिले जाते. माझी मागणी म्हणून अगदी साधी आहे: परताव्याच्या त्याच अर्जात सफरीगणिक जातवार वजनाचा एक रकाना वाढवावा, आणि त्याची सुरुवात डोलीच्या नौकांपासून करावी.