पाखरू हातावर येईपर्यंत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या आणि मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असणाऱ्या एका कुटुंबात गेल्या माघ महिन्यात एक पाखरू आले. हट्ट आठवीत शिकणाऱ्या नातीचा होता. तिला हवा होता मिठू. हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला. आबांनी त्याला साफ नकार दिला. देशी पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी रानातल्या घरट्यातून ओढून आणलेले पिल्लू आपल्या ओसरीला शोभले नसते, असे त्यांचे म्हणणे. अखेर पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढलेल्या जातीवर तडजोड झाली. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला. पिल्लू स्वतः दाणे टिपू लागलेले, सुमारे तीन महिन्यांचे होते. काही विक्रेते चोचीत भरवावे लागणारे अगदी कोवळे पिल्लूही देतात. नवख्या हातून ते भरवताना अन्न श्वासनलिकेत जाऊन पाखरू दगावते, हे आधीच समजले ते बरे झाले.

विक्रेत्याने पिंजऱ्याबरोबर तीन सल्ले फुकट दिले. पहिला महिना दार मुळीच उघडू नका. पंख थोडे कापून देतो. आणि दोन दिवस दाणा काढून घ्या, मग आपोआप हातावर येईल.

आबा रोज स्वाध्यायाला बसणारे. घरी येताना ते काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी नातीला जवळ बसवून अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले. बंध, छेद आणि अन्नपाननिरोध ही नावे तिने पाठशाळेत पाठ केली होती. पण ती बैलगाडीच्या काळातली, बैलांविषयीची आहेत असे तिला वाटत असे. एका दुकानदाराच्या तोंडून ती तिन्ही ओळीने ऐकू येतील, ही कल्पना तिला कोठून असणार? पंख नखांसारखे पुन्हा येतात, हा विक्रेत्याचा युक्तिवाद खोटा नव्हे. तरीही पंख कापायचे नाहीत आणि उपाशी ठेवायचे नाही, हे त्या रात्री ठरले. बंधाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

माणसाळवणे म्हणजे पाखराला काही शिकवणे, अशी आपली समजूत असते. पहिला आठवडा मात्र नातीलाच शिकावे लागले. पिंजरा भिंतीला टेकवून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. शेजारी बसून ती इतिहासाचा धडा मोठ्याने वाची. हात आत घालायचा नाही, टक लावून पाहायचे नाही. तुरा ताठ उभा म्हणजे दचकला. मागे चपटा आणि फुसकारा म्हणजे भ्याला. अर्धवट सैल म्हणजे निवांत. ही भाषा घरातील सगळ्यांनाच हळूहळू कळू लागली. पेढीवरून आणलेले राळे त्याच्या विशेष आवडीचे. अकराव्या दिवशी गजांमधून धरलेला राळ्याचा एक दाणा त्याने तिच्या बोटांतून घेतला.

मग घात झाला. पाखरू बाहेर आले असता पडद्यावर जाऊन बसले. कोणीतरी छताचा पंखा सुरू करणार एवढ्यात काकांनी घाबरून त्याला मुठीत पकडले. जीव वाचला, विश्वास मात्र गेला. त्यानंतर नातीचा हात दिसला तरी ते कोपऱ्यात जाई. तिने न रडता पुन्हा इतिहासाचे पुस्तक काढले आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लागली ती अजून आहे.

आहाराचा पेच वेगळाच. पुस्तके गाजर सांगतात, उकडलेले अंडे सांगतात. कंदमूळ न शिजणाऱ्या घरात लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि शिजवलेली मूगडाळ यांवर भागले. पिठाचा काही भाग खास पाखरांसाठी बनवलेल्या तयार दाण्यांनी भरून निघतो, असे पशुवैद्यांनी सांगितले. मामाच्या सराफी दुकानातल्या जुन्या काट्यावर दर रविवारी वजन होते. ८६ ग्रॅम, ८८ ग्रॅम. न चिकटणारा तवा तापून निघालेला धूर पाखरांना मारक असतो, म्हणून तो तवा आईने काढूनच टाकला. सूर्यास्तानंतर मात्र या पाहुण्याची अडचण नाही. चौविहाराचा नियम ते जन्मतःच पाळते, असे आजी म्हणते.

चैत्र उजाडला तेव्हा एका सकाळी त्याने तिच्या आडव्या धरलेल्या बोटावर आधी एक पाय ठेवला, तो काढला, पुन्हा ठेवला आणि मग दुसराही. आजी माळ जपता जपता थांबली.

दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयात बरा झालेला पक्षी मालकाला परत देत नाहीत, मोकळा सोडतात. आबांनी हे एकदा सांगितले तेव्हा नातीने विचारले, "पण याला सोडले तर हा कुठे जाईल, आबा?" आबांजवळ उत्तर नव्हते. पंधरा-वीस वर्षे जगणारा हा जीव सोलापूरच्या उन्हात, घारी-मांजरांत आठ दिवस तगणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. ही जात मागणीसाठी वाढवतात आणि आपणही मागणी केली, हे ते आपल्याच तोंडाने म्हणतात. दुसरे पाखरू घरात आणायचे नाही, असा नियम त्यांनी चातुर्मास सुरू होताच घेतला.

आता दिवसभर पिंजऱ्याचे दार उघडे असते. संध्याकाळी रानपोपटांचा थवा ओरडत घरावरून जातो, तेव्हा ते जाळी लावलेल्या खिडकीशी जाऊन तुरा ताठ करते आणि त्यांना हाक देते. थवा निघून जातो. मग ते थोडा वेळ तिथेच बसते, आणि दिवे लागायच्या आत आपल्या पायांनी पिंजऱ्यात परतते. आबा त्या वेळी खिडकीकडे पाहत नाहीत.