गल्लीनं वाचा

चिखलीत नगरपरिषदेच्या शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. त्या खुर्चीची लाज राखली आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षबाईंनी. बाजार समितीच्या आवारात सांडलेलं सोयाबीन, हरभरा गोळा करून, चाळून विकायचं, हा त्यांचा धंदा. पोरगा-सून कामासाठी परगावी, म्हणून नातवाच्या पालक त्याच. सगळे त्यांना मावशी म्हणत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं ठरवलं. दुर्बल आणि वंचित घरांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा दिली. रजिस्टरात हे सारं जमवणं सोपं असतं. मावशींनी पहिल्याच सभेत विचारलं, “सर, सभा अकराले काहून ठेवता? तवा त आमी अडतीत राहतो.” सभा संध्याकाळी भरू लागली आणि ज्यांच्या नुसत्या सह्या यायच्या, ती माणसंही येऊ लागली.

दुसरी गोष्ट हजेरीची. गैरहजर मुलांची नावं मी वर्गवार वाचत होतो. मावशींनी मधेच थांबवलं. “वर्गानं आमाले काय समजते? गल्लीनं वाचा.” तसं वाचल्यावर प्रत्येक नावाला कोणीतरी बोलू लागलं: याच्या घराला कुलूप आहे, दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर गेले, ही धाकट्याला सांभाळते, याची आई दवाखान्यात आहे. माझ्या हजेरीपटात या सगळ्यांपुढे एकच खूण होती. मग भट्टीवर जाणाऱ्यांची काही लेकरं आजीकडे, मामाकडे ठेवून घ्यायची बोलणी त्या सभेतच होऊ लागली. सगळी राहिली नाहीत. राहिली त्यांची शाळा सुटली नाही.

उपाध्यक्ष होत्या शिलाई करणाऱ्या एक मुस्लिम आई. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, हे त्यांनी सांगितलं. आम्हा पुरुष शिक्षकांना ते कोण सांगणार होतं? कडी दुसऱ्या दिवशी बसली.

“शिकलेलं कोणी मिळालं नाही का अध्यक्ष करायला?” असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. कायद्यात अध्यक्षाला शिक्षणाची अट नाही, एवढंच मी म्हणालो. खरं तर जोतीराव फुल्यांचं नाव घ्यायला हवं होतं. प्राथमिक शाळेचे मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, हे त्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे लेखी मांडलं होतं. मुलाच्या घरात काय चाललंय हे ज्याला कळतं, त्याचा शाळेच्या कारभारात शब्द असावा, इतकी साधी गोष्ट आपण अजून मेहरबानीसारखी देतो.

शाळेचं सगळं काही पालटलं नाही. रिकाम्या जागा रिकाम्याच होत्या, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या दारावरून जातच होत्या. पण मी निवृत्त झालो तेव्हा कुठलं मूल कोणत्या गल्लीत राहतं, हे मला तोंडपाठ होतं. ते मला डी.एड.नं शिकवलं नव्हतं.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. समितीची मुदत दोन वर्षांची असते आणि पालक सदस्य पालकसभेतून निवडले जातात. शाळा उघडल्यावर तुमच्या घरी या सभेची चिठ्ठी आली तर जरूर जा, आणि वेळ गैरसोयीची असेल तर मुख्याध्यापकांना तसं तोंडावर सांगा.