लाल पेन्सिल

माझ्या सदऱ्याच्या खिशात नेहमी एक लाल पेन्सिल असते. मास्तरकी पत्करल्यापासून ती तिथे आहे, आणि रविवारीदेखील तिला सुट्टी नसते. लग्नपत्रिका येवो की वाण्याचे बिल, हात आधी खिशाकडे जातो. घरची माणसे या खोडीला हसतात. मीही हसत असे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत.

त्या महिन्यात माझी दहा वर्षांची मुलगी आजोळी गेली होती. तिथून तिने मला आयुष्यातले पहिले पत्र धाडले. विहिरीत पोहायला शिकले, मांजरीला तीन पिल्ले झाली, बाबा, तुमची आठवण येते, असे दोन पाने भरून. मी ते दोनदा वाचले. डोळे पाणावले. आणि तिसऱ्या वाचनात केव्हा कोण जाणे, पेन्सिल हातात आली. विहिरीची वेलांटी सुधारली आणि ‘आठवन’मधल्या ‘न’चा ‘ण’ केला.

जूनमध्ये ती परत आली आणि टेबलावरचे ते पत्र तिने पाहिले. बोलली काहीच नाही. गणपतीला मावशीकडे निघाली तेव्हा मी म्हटले, “पत्र लिही हं.” ती म्हणाली, “फोनच करीन, बाबा. फोनवर चुका दिसत नाहीत.”

दिवाळीत न्यू जर्सीहून मेहुणे आले, सोबत त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. दोन्ही मुले अंगणात किल्ला करू लागली. तो मातीचा एक गोळा लावी आणि मेहुणे ओरडत, “ग्रेट जॉब!” बुरूज ढासळला, तरी “ग्रेट जॉब!” मला ते भाट वाटले, मी त्यांना तुरुंगाधिकारी वाटलो असणार. नरकचतुर्दशीला चकलीच्या साक्षीने आमचा वाद जुंपला. ते म्हणाले, “मुलांचा आत्मविश्वास मारता तुम्ही लोक.” मी म्हटले, “आणि तुम्ही हवा भरून फुगे करता.”

फराळाला आलेल्या आमच्या शाळेतल्या बाई हे ऐकत होत्या. मी आपला मॅट्रिक, बाई बी.एड., आणि पुस्तकांत रमणाऱ्या. त्या म्हणाल्या, “हा वाद जुना आहे. बर्कलेच्या डायना बॉमरिंड यांनी १९६० नंतरच्या दशकात आईबापांचे तीन प्रकार सांगितले. धाक घालणारे, मोकळे सोडणारे, आणि नियम पाळायला लावून त्याचे कारणही सांगणारे. तिसऱ्यांची मुले अधिक स्वावलंबी दिसली. पण ती पाहणी मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली. चिनी आईबाप तर धाक घालणाऱ्यांत मोडतात. मग त्यांची मुले शाळेत पुढे कशी? रूथ चाओ या बाईंनी १९९४ मध्ये उत्तर दिले की चिनी भाषेत ‘ग्वान’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ताब्यात ठेवणे, आणि जिवापाड काळजी घेणे हाही.”

मेहुणे गप्प झाले नाहीत, पण चकली खाली ठेवली.

बाई पुढे म्हणाल्या, “१९९९ साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरांची कोडी दिली. काहींना निवड करू दिली. काहींना सांगितले, ही तुझ्या आईने निवडली आहेत. कोडी तीच. गोरी मुले स्वतः निवडलेल्या कोड्यांत सर्वांत रमली. चिनी-जपानी वंशाची मुले आईने निवडलेल्या कोड्यांत.”

मला एकदम माझे वडील आठवले. मॅट्रिकचा निकाल पाहून ते एवढेच म्हणाले होते, “गणितात कमी पडले.” शाबास हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. पण परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला उठून ते स्टोव्ह पेटवीत, माझ्यापुढे चहाचा कप ठेवीत आणि उजाडेपर्यंत समोर बसून राहत. तो कप नसता, तर ते वाक्य मला जन्मभर टोचले असते. साने गुरुजींच्या श्यामला आईने मारून पोहायला धाडले, तेही आपण विसरत नाही. पण त्या माराने श्याम घडला असे म्हणणाऱ्यांनी आईचे भरून आलेले डोळे गाळलेले असतात.

माझ्या मुलीला लाल खुणा दिसल्या. माझे पाणावलेले डोळे दिसले नव्हते. पेन्सिल वडिलांकडून मी उचलली होती. चहाचा कप तिथेच राहिला होता.

बाहेर किल्ल्यावर पाटी लागत होती. मला पाहताच मुलीने झटकन तिच्यावर हात ठेवला. मातीने भरलेल्या बोटांतून अक्षरे दिसत होती: किल्ले शीवनेरी.

मी चूक सांगितली नाही. त्या क्षणी ती सांगण्याचा हक्क मला नव्हता. एकच गोष्ट ध्यानात आली. तिच्या पत्राला मी उत्तरच लिहिले नव्हते.

त्या रात्री लिहिले. दोन पाने. विहिरीत पाय टेकतात का, मांजरीची पिल्ले कोणत्या रंगाची, आणि मलाही तुझी आठवण येत होती. पत्र तिच्या उशीखाली ठेवून निजलो.

सकाळी सदऱ्याच्या खिशात पेन्सिल नव्हती. पत्र टेबलावर होते. मी लिहिले होते, ‘मांजरीची दोन पिल्ले’. त्या ‘दोन’वर लाल रेघ होती आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: तीन!