लोकल बंद, शहर चालू

कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि सीएसएमटीच्या इंडिकेटरवरून गाड्या एकेक करून गायब झाल्या. अशा वेळी फोर्टातल्या नोकरदाराला वाटा दोनच. गर्दीत ओली छत्री सांभाळत फलाटावर उभं राहायचं, नाहीतर बसायचं. आमच्यातले गिरगावकर, म्हणजे निवृत्तीला टेकलेले ऑफिसातले ज्येष्ठ, शांतपणे म्हणाले, ‘चला, बसू या.’ डोंबिवलीच्या मैत्रिणीने घरी फोन लावला: ‘गाड्या बंद आहेत, तुम्ही जेवून घ्या.’ यात खोटं काहीच नव्हतं.

पहिला मुक्काम फोर्टातल्या एका गल्लीतली परमिट रूम. दाराला काळी काच, आत मंद लालसर उजेड, गल्ल्यावर व्यंकटेशाची तसबीर आणि तिच्यापुढे नुकतीच लावलेली उदबत्ती. आम्हा दोघींना पाहून वेटर अदबीने म्हणाला, ‘मॅडम, वर एसी आहे. फॅमिली.’ वर त्याच क्वार्टरचे जास्त पैसे पडतात, आणि आम्ही तिघं कुठल्याच अर्थाने फॅमिली नव्हतो. गिरगावकर खुर्ची ओढत म्हणाले, ‘अण्णा, इथंच.’

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ एकटेच होते. पायाशी डब्याची पिशवी, समोर साठचा पेग. त्यांनी सोडा ग्लासच्या निम्म्यापर्यंत ओतला, वर बोटभर पाणी घातलं, मग उकडलेल्या चण्यांवर लिंबू पिळलं आणि एकेक चणा निवडून खाऊ लागले. मोबाइल काढला नाही, कुणाशी बोलले नाहीत. अर्ध्या तासाने हिशेबाचे पैसे बशीत ठेवून, बडीशेप तोंडात टाकून निघून गेले.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, त्या शहरात माणसाला एकटं बसायला खुर्ची कुठून मिळणार? ती इथे मिळते, दारूच्या भावात. परमिट रूम हा मुंबईच्या चाळकऱ्याचा भाड्याचा दिवाणखाना आहे, असं मला नेहमी वाटतं. पण त्याच खोलीत त्याची बायकोही राहते. तिच्या वाट्याला, मिळालीच तर, लेडीज डब्यातली चौथी सीट येते.

कायद्याच्या नजरेत तर अजून सगळी गंमतच आहे. १९४९चा दारूबंदी कायदा रद्द कधी झालाच नाही. पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा, विदेशी मद्यासाठीचा, पाच रुपयांना. तो खिशात बाळगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कडक बंदीच्या काळात लोक ‘आंटी’कडे जायचे. गिरगावकरांचे वडीलही धोबीतलावच्या एका आंटीकडे जात. पुढच्या खोलीत येशूची तसबीर, आतल्या खोलीत बाकडं, आणि बाटली स्वयंपाकघरातून यायची. म्हणजे तेव्हा पुरुष एका बाईच्या घरात बसून पीत होते, आणि धंद्याचा हिशेब तीच ठेवत होती. हे मला भारी आवडलं.

पाऊस थोडा ओसरला तसे हुतात्मा चौकावरून काळा घोडा ओलांडून रीगलपर्यंत चालत गेलो. सिनेमागृह १९३३चं, पावसात धुऊन निघाल्यावर अजून देखणं दिसतं. समोरच्या मोंडेगार कॅफेत भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं: फुगीर गालांचे साहेब, टपोऱ्या डोळ्यांच्या बायका, सगळे एकाच वेळी बोलणारे. खाली खरी माणसंही तशीच बसलेली, त्यामुळे गोंगाट भिंतीतून येतोय की टेबलांवरून, कळेना. इथे आम्हाला कुणी वर पाठवलं नाही. बियरच्या किमतीत तेवढं धरलेलं असावं.

लिओपोल्डला मात्र आत शिरून नुसती नजर फिरवली. १८७१पासून चालू असलेलं हे इराण्याचं ठिकाण. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा भिंतीवर तशाच ठेवल्या आहेत. एक पर्यटक जोडपं त्या भोकाशेजारी हसून फोटो काढत होतं. त्यांना दोष देववेना, पण तिथे बसवेनाही. हल्ल्याच्या त्या रात्री गिरगावकर लोकलसाठी सीएसएमटीकडे निघायच्या बेतात होते आणि काम लांबलं म्हणून ऑफिसातच राहिले, एवढं त्यांनी चालता चालता सांगितलं. पुढे बोलले नाहीत.

मग ताजच्या पाठीमागे, गोकुळ. पुढच्या दाराला मुंबईतलं सर्वांत महागडं टेबल, मागच्या रस्त्यावर खिशाला परवडणारं. कॉलेजची पोरं, ओले रेनकोट खुर्चीला टांगलेले कारकून, दोन परदेशी, आणि कोपऱ्यात चार मुली, मोठमोठ्याने कुणाच्या तरी बॉसची टिंगल करत. बाहेर बडेमियाँच्या निखाऱ्यांवरून कबाबांचा वास येत होता. डोंबिवलीकरणीने मोबाइलवर पाहून जाहीर केलं की गाड्या सुरू झाल्या आहेत. कुणीही उठलं नाही. तीही नाही.

वेटर आला. सवयीने त्याची नजर आधी गिरगावकरांकडे गेली, पण ते खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, ‘मॅडम, रिपीट?’

‘रिपीट,’ मी म्हणाले, ‘आणि एक प्लेट बोंबील फ्राय. कुरकुरीत आणायला सांगा.’